वर्षाला ४००-४५० रुपयांची गोळी, तरी फिट येणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ती पोहोचत का नाही?

रस्त्यात कुणाला फिट आली की गर्दी जमते. कुणी कांदा फोडतो, कुणी चप्पल हुंगवतो. पाच मिनिटांत माणूस शुद्धीवर येतो, गर्दी पांगते. पुढे त्या माणसाला उपचार मिळतात का, हे मात्र तो कुठे राहतो यावर ठरतं.

अपस्मार, म्हणजेच फेफरं, आकडी किंवा मिरगी. मेंदूतल्या पेशींमधल्या विद्युत संदेशांचा अचानक गोंधळ उडाला की झटका येतो. हा आजार संसर्गजन्य नाही आणि बाहेरची बाधाही नाही.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यातले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. वेळेत निदान झालं आणि औषध नीट मिळालं, तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके पूर्ण थांबू शकतात. तरीही गरीब देशांतल्या चारपैकी तीन रुग्णांना हवे ते उपचार मिळत नाहीत. श्रीमंत देशांत उपचारांविना राहणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांहून कमी आहे.

मग औषध महाग आहे का?

नाही. खरी मेख इथेच आहे. फेनोबार्बिटोन या औषधाचा फिटवरचा उपयोग जर्मनीत १९१२ साली लक्षात आला. शंभर वर्षांहून जुनं हे औषध आजही वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वर्षाला ५ डॉलर इतक्या कमी खर्चात, म्हणजे साधारण ४००-४५० रुपयांत, एका रुग्णावर उपचार होऊ शकतात.

पण स्वस्त असणं वेगळं आणि हाताशी असणं वेगळं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या सरकारी दवाखान्यांत फिटची जेनेरिक औषधं सरासरी निम्म्या वेळाही उपलब्ध नसतात, असं अभ्यासात दिसलं आहे. त्यात फेनोबार्बिटोन १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित औषध आहे. त्यामुळे त्याची खरेदी आणि साठा यांना कागदपत्रं जास्त लागतात.

ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी लागेल तेव्हा घ्यायची नसते. ती रोज, अनेकदा वर्षानुवर्षं घ्यावी लागते. अचानक बंद केली तर झटके परत येतात, कधी कधी आधीपेक्षा जोरात. म्हणून दवाखान्यातलं ‘औषध संपलंय, पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य फिटच्या रुग्णाला जिवावरचं ठरू शकतं. शिवाय प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी असतेच. गोळी स्वस्त असली, तरी तिच्यापर्यंत पोहोचणं महाग पडतं.

डॉक्टर कुठे आहेत?

२०१७ च्या जागतिक पाहणीनुसार श्रीमंत देशांत दर एक लाख लोकांमागे मेंदूविकारांचे ७.१ तज्ज्ञ होते. गरीब देशांत हा आकडा फक्त ०.१ होता, म्हणजे दहा लाखांमागे एक! आपल्याकडेही न्यूरोलॉजिस्ट बहुतेक मोठ्या शहरांतच सापडतात.

आणि लोक काय म्हणतील?

भारतात १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्याच्या अटींतच अपस्माराचा उल्लेख होता. त्या वर्षी दुरुस्ती करून तो शब्द काढला गेला. कायदा बदलला, तरी लग्न मोडेल या भीतीने आजार लपवणं थांबलेलं नाही. त्यात मुलगी असेल तर जास्तच. लपवलेल्या आजाराची गोळीही लपूनच घ्यावी लागते, आणि मग ती चुकते.

उपाय आहे का?

आहे. प्रत्येक रुग्णाला न्यूरोलॉजिस्ट लागतोच असं नाही. घाना, मोझांबिक, म्यानमार आणि व्हिएतनाममध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना निदानाचं आणि औषधं देण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. तज्ज्ञाकडे पाठवायचं ते फक्त गुंतागुंतीच्या रुग्णांना. भारतात १९९१ पासून धावणाऱ्या ‘लाइफलाइन एक्सप्रेस’ या रेल्वे-रुग्णालयातही अपस्माराची शिबिरं झाली आहेत. पण शिबिर एक दिवसाचं आणि गोळी रोजची. त्यामुळे गावातल्या केंद्रात साठा हवाच.

२०२२ मध्ये जगातल्या देशांनी २०३१ पर्यंतचं लक्ष्य मान्य केलं: ९० टक्के रुग्णांना या आजारावर उपचार होऊ शकतात हे माहीत असावं, ८० टक्क्यांना परवडणारी औषधं मिळावीत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके आटोक्यात यावेत.

तोवर आपण काय करायचं?

कुणाला फिट आली तर:

- आजूबाजूच्या टणक, धारदार वस्तू बाजूला करा आणि डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा.
- माणसाला कुशीवर वळवा.
- तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.
- घड्याळ बघा. झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर लगेच १०८ ला फोन करा.

कांदा आणि चप्पल यांचा काहीही उपयोग नाही. माणूस शुद्धीवर आला की मात्र एक प्रश्न जरूर विचारा: ‘गोळ्या चालू आहेत ना?’