ओल्या कोपऱ्यासाठी वाळुंज

पाड्यांवर काम करताना एक विसंगती मला नेहमी दिसते. उन्हाळ्यात घरात प्यायला पाणी नसते आणि हातपंपाच्या कट्ट्याभोवती मात्र चिखल साचलेला असतो. आपल्या अंगणातही मोरीचे पाणी जिथे मुरते, तो कोपरा असाच पडून राहतो. अशा जागेसाठी आपल्याच मातीतले एक झाड आहे. त्याचे नाव वाळुंज.

सह्याद्रीतल्या नदी-ओढ्यांच्या काठी हे झाड आपोआप वाढते. पाने लांबट, भाल्यासारखी, कडेला बारीक दाते असलेली. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. मोकळे सोडले तर मध्यम उंचीचा वृक्ष होतो. पण दरवर्षी पानगळीच्या दिवसांत गुडघ्याएवढे ठेवून छाटले, तर बुंध्यातून सरळ फोक फुटतात आणि दाट झुडूप तयार होते. या लवचीक फोकांच्या टोपल्या विणता येतात, पाला शेळ्या खातात आणि मुळे काठाची माती घट्ट धरून ठेवतात.

लागवडीला पैसे लागत नाहीत. नवी पालवी फुटण्याआधी अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या घ्या आणि त्यांचे वीतभर लांबीचे तुकडे करा. खालचा काप तिरका, वरचा सरळ ठेवा, म्हणजे तुकडा उलटा लागणार नाही. दोन-तृतीयांश भाग ओल्या मातीत खोचा. ऊन भरपूर हवे. पहिले दोन उन्हाळे माती सुकू देऊ नका आणि शेळ्यांपासून वाचवण्यासाठी काट्यांचे कुंपण करा. पाण्याच्या शोधात मुळे दूरवर जातात. म्हणून घराची भिंत, विहीर, पाइप आणि शौचालयाची टाकी यांपासून तीसेक फूट अंतर ठेवा. कोरड्या जागी हे झाड लावूच नका. टँकरच्या पाण्यावर जगवायचे हे झाड नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वाळुंजात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराचे तुरे पिवळसर व सुवासिक, मादीचे हिरवट. फांदीपासून वाढलेले रोप मूळ झाडाचेच लिंग घेऊन येते. सगळ्या पाड्याने एकाच झाडाच्या फांद्या नेल्या, तर काठभर हिरवळ दिसेल, पण बी कधीच धरणार नाही. बी कापसाळ, अगदी बारीक, आणि थोडेच दिवस जिवंत राहते. साठवून ठेवता येत नाही. म्हणून दूरदूरच्या चार-पाच झाडांच्या फांद्या घेऊन मिसळून लावा. शक्य असेल तर फुलोऱ्याच्या काळात नर-मादी झाडांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधून ठेवा.

स्तोत्र 137 मध्ये बाबेलातील बंदिवानांनी ज्या झाडांवर वीणा टांगल्या, त्यांना आपण वाळुंज म्हणून ओळखतो. वनस्पतीशास्त्रज्ञांच्या मते ते फरात नदीकाठचे पॉपलर असावे. तेही वाळुंजाच्याच कुळातले.

ओढ्यांचे काठ खरवडले जातात, रेती उपसली जाते, तेव्हा काठची झाडे आधी जातात आणि पाठोपाठ पाड्यावरच्या शेताची माती वाहून जाते. मंडळीच्या आवारात ओला कोपरा असेल, तर तिथे नर आणि मादी अशी दोन्ही झाडे लावा. दोन-तीन वर्षांत तुमच्या छाटणीतूनच एखाद्या पाड्याला पुरतील एवढ्या फांद्या मिळतील.