जुन्या मालमोटारीतील तारसंचाची पुनर्रचना : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

जुन्या मालमोटारीचा जीर्णोद्धार म्हटला की सामान्यतः इंजिन, सांगाडा आणि रंगकाम यांचा विचार प्रथम केला जातो. गाडीच्या अंगात सर्वत्र पसरलेल्या विद्युत्-तारांच्या जाळ्याकडे, म्हणजे ज्याला कारागीर नुसते ‘वायरिंग’ म्हणतात त्याकडे, लक्ष जाते ते बहुधा शेवटी. वस्तुतः गाडीला आग लागण्याचे आणि घाटात रात्री दिवे मंदावण्याचे एक प्रमुख कारण हाच तारसंच असतो. शिवाय गाडीच्या आयुष्याचा सर्वांत बोलका पुरावाही त्यातच साठविलेला असतो. तो बदलताना सुरक्षितता व पुरावा या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१. परिसर व वाहने

सातारा आणि सांगली हे आजचे दोन जिल्हे मूळचे एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. यंत्रकामाची परंपरा येथे जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, आणि सर धनजीशा कूपर यांचा साताऱ्यातील कारखाना १९२२ पासूनचा. सांगलीची हळद व गूळ, कृष्णाकाठचा ऊस, आणि १९५० नंतरच्या दशकात सुरू झालेले कोयना धरणाचे बांधकाम यांमुळे मालमोटारींना या भागात सतत काम मिळत गेले.

त्या काळातील गाड्या एका वंशाच्या नव्हत्या. मुंबईच्या प्रीमियर कंपनीच्या डॉज व फार्गो गाड्यांची परंपरा अमेरिकन होती. अशोक लेलँड आणि बेडफर्ड यांची ब्रिटिश, तर १९५४ ते १९६९ या काळातील टाटा-मर्सिडीज सहकार्यातून निघालेल्या गाड्यांची जर्मन. यांपैकी प्रत्येक परंपरेची तारजोडणीची स्वतःची भाषा होती. जीर्णोद्धारातील पहिली अडचण येथेच उद्भवते.

२. रंगांची भाषा

ब्रिटिश गाड्यांत रूढ असलेल्या लुकास पद्धतीनुसार तपकिरी तार ही बॅटरीकडून थेट येणारी, फ्यूजविरहित, सदैव जिवंत तार होय. जर्मन पद्धतीत मात्र तपकिरी रंग अर्थचा, म्हणजे सांगाड्याशी जोडलेल्या तारेचा. काळ्या रंगाचे नेमके उलट. लुकास पद्धतीत तो अर्थचा, तर जर्मन पद्धतीत किल्ली फिरविल्यावर जिवंत होणाऱ्या तारेचा. तांबडी तार लुकास पद्धतीत बाजूच्या व मागच्या दिव्यांची, जर्मन पद्धतीत बॅटरीची. पांढरी तार तेथे किल्लीनंतरची, येथे मोठ्या झोताची. यावरून असे दिसते की, एका पद्धतीत वाढलेला निष्णात कारागीर दुसऱ्या पद्धतीच्या गाडीत केवळ रंगावर भिस्त ठेवील, तर बॅटरीची तार थेट सांगाड्यास जोडण्याचा प्रमाद त्याच्या हातून सहज घडेल.

जर्मन पद्धतीचा एक गुण असा की, तीत प्रत्येक जोडटोकास ठराविक अंक असतो. ३० म्हणजे बॅटरीचे धन टोक, १५ म्हणजे किल्लीनंतरचे, ३१ म्हणजे अर्थ, ५६अ व ५६ब म्हणजे अनुक्रमे मोठा व लहान झोत. रंग उडाला तरी धातूवरील अंक टिकतो. यास्तव जुना स्विच फेकून देण्यापूर्वी त्यावरील अंक वाचून घेणे अगत्याचे आहे.

दुसरी सावधगिरी ध्रुवांची. जुन्या अनेक ब्रिटिश व काही अमेरिकन गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. ऋण अर्थची प्रथा पुढे सार्वत्रिक झाली. ही बाब न तपासता आधुनिक उपकरण जोडल्यास ते तत्काळ निकामी होते.

३. एका तारसंचाचे तीन कर्ते

भारतात मालमोटार बहुधा पूर्ण अवस्थेत विकली जात नसे. कारखान्यातून इंजिनासह सांगाडा येई आणि केबिन व हौदा स्थानिक बांधणीकार उभारीत. त्यामुळे तारसंचाचा पुढचा भाग कारखान्याचा, तर मागचे दिवे, केबिनमधील दिवा इत्यादींच्या तारा बांधणीकाराच्या. या दुसऱ्या भागाचा उल्लेख कारखान्याच्या आराखड्यात सापडणे शक्यच नव्हते. तिसरा कर्ता म्हणजे रस्त्याकडेचा इलेक्ट्रिशियन. जळालेल्या तारेस समांतर दुसरी तार ओढणे, बिघडलेला स्विच वगळून थेट जोड देणे, हाती असेल त्या रंगाची तार वापरणे, हे त्याचे उपाय. १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएसची स्थापना झाल्यावर देशी बनावटीची विद्युत्-उपकरणे उपलब्ध होत गेली आणि मूळच्या डायनामोच्या जागी निराळ्या घराण्याचे उपकरण बसण्याचे प्रसंगही आले.

सारांश, समोर असलेली गाडी आणि छापील आराखडा यांत अंतर राहणारच. आराखडा हा आरंभबिंदू मानावा. अंतिम प्रमाण म्हणजे प्रत्यक्ष मोजणी.

४. जुनी तार का टाकावी लागते

१९५० च्या सुमारासच्या तारांवर रबराचे वेष्टण व त्यावर सुती विणीचे आवरण असे. रबर गंधकाने पक्के केलेले असल्याने ते तांब्यास बाधू नये म्हणून तारेस कल्हई करीत. काळाच्या ओघात प्राणवायू व उष्णता यांमुळे रबर कडक होऊन तडकते, तर सुती आवरण तेल व पाणी शोषून घेते. या परिसरातील हवामानाची टोके येथे विशेष जाणवतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जत-आटपाडीच्या बाजूस तो पाचशेच्या आसपास असतो. पश्चिमेकडील ओलाव्याने जोडटोके गंजतात आणि पूर्वेकडील तापाने वेष्टण ठिसूळ होते. दोन्हीकडे फिरलेल्या गाडीस दोन्ही व्याधी जडतात. असे वेष्टण जागच्या जागी शाबूत दिसते; मात्र तार वाकविताच त्याचे तुकडे पडतात. म्हणून ‘दिसायला चांगला’ तारसंच पुन्हा वापरणे धोक्याचे ठरते.

५. जाडीचा हिशेब

एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअस तापमानास सुमारे ०.०१७ ओहम असतो. १२ व्होल्टच्या गाडीत ४५ वॉटचे दोन पुढचे दिवे ७.५ अँपिअर प्रवाह घेतात. तार ५ मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाची असल्यास तीत सुमारे ०.६४ व्होल्ट दाब खर्ची पडतो, म्हणजे ५ टक्क्यांहून थोडा अधिक. हा आकडा क्षुल्लक भासतो. परंतु तंतुदिव्याचा प्रकाश दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. परिणामी प्रकाश जवळजवळ १७ टक्क्यांनी घटतो. छेद २.५ चौरस मिलिमीटर घेतल्यास ही घट सुमारे ७ टक्क्यांवर येते.

हीच शक्ती ६ व्होल्टच्या जुन्या गाडीत हवी असेल तर प्रवाह दुप्पट होतो. त्याच बारीक तारेत सुमारे १.२८ व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक, गमावला जातो आणि प्रकाश निम्म्याहूनही कमी उरतो. यात गंजलेल्या जोडांचा रोध धरलेलाच नाही. खंबाटकीच्या घाटात रात्री समोरचे वळण दिसणे वा न दिसणे हे अशा रीतीने तारेच्या छेदावर अवलंबून राहते.

फ्यूजविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज हा दिव्याच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो. तार सुरक्षितपणे वाहू शकेल त्याहून कमी प्रवाहास तो वितळला पाहिजे. जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असत. नव्या रचनेत ते वाढविणे हा मूळ रूपाशी द्रोह समजू नये.

६. कार्यक्रम

प्रथम बॅटरी सोडवावी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस चिठ्ठी बांधून छायाचित्रे घ्यावीत व जुना संच शक्यतो न कापता अखंड बाहेर काढावा. लांब फळीवर तो पसरून प्रत्येक फाट्याशी खिळे ठोकावेत. हा फळा म्हणजेच नव्या संचाचा साचा. नवीन तारा त्यावर ओढून मेणाच्या दोऱ्याने बांधाव्यात व वरून सुती फीत गुंडाळावी. आत आधुनिक वेष्टणाची तार असली तरी बाह्यरूप त्यामुळे जुन्यासारखे राहते.

टोकांवरील थिंबल योग्य चिमट्याने दाबून बसवावे. नुसता डाख दिल्यास तो तंतूंत शिरून तार ताठ होते आणि सततच्या कंपनाने डाख संपतो तेथेच ती तुटते. पत्र्यातील प्रत्येक छिद्रात रबरी कडे हवे. अर्थची जागा रंग खरवडून उघड्या धातूवर घ्यावी. मंद दिव्यांचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.

जोडणीनंतर बॅटरी एकदम जोडू नये. वाटेत एक दिवा मालिकेत ठेवावा. सर्व स्विच बंद असताना तो प्रखर पेटला तर कोठेतरी तार सांगाड्यास भिडली आहे असे समजावे. दिवा येथे प्रवाहास मर्यादा घालतो व नवा संच वाचवितो. शेवटी प्रत्येक दिवा पेटवून बॅटरी व दिवा यांमधील दाबाचा फरक मोजावा आणि तो नोंदवून ठेवावा.

७. पुराव्याचा प्रश्न

२०२१ मध्ये केंद्रीय मोटारवाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या, वैयक्तिक वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ म्हणून नोंदणीची सोय केली. माल वाहून आयुष्य काढलेली व्यापारी गाडी त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे ज्या वाहनांनी या दोन जिल्ह्यांचे अर्थजीवन वाहिले, त्यांचा इतिहास जपण्याची जबाबदारी जीर्णोद्धार करणाऱ्यावरच पडते.

या दृष्टीने काढलेला जुना संच भंगारात देणे योग्य नव्हे. त्यातील तांब्याची किंमत अल्प. परंतु कोणती तार कोणत्या कर्त्याची, कोणता जोड आणीबाणीचा, कोणता विचारपूर्वक केलेला, हे त्याच्यावाचून पुन्हा कळण्यास मार्ग नाही. ज्या कारागिरांनी लेखी काहीच मागे ठेवले नाही, त्यांचे कौशल्य या गाठींतच उरले आहे. नवा संच गाडीत व जुना संच चिठ्ठ्यांसह पेटीत राहील, तर गाडी रस्त्यावर निर्धोक धावेल आणि अभ्यासकाचे साधनही नष्ट होणार नाही.