बरणी धुण्याचे पाणी

नाताळला महिना-दीड महिना उरला की गोव्यातील पुष्कळ ख्रिस्ती घरांतून द्राक्षारसाच्या बरण्या खाली उतरतात. द्राक्षे निवडून घेतली जातात, साखर तोलली जाते. बरणी कोणत्या पाण्याने धुतली याची विचारपूस मात्र सहसा होत नाही. पुढे रस आंबटढाण झाला म्हणजे दोष द्राक्षांच्या माथी येतो.

आंबणे हे सजीवांचे कार्य होय, हे लुई पाश्चर याने 1857 पासूनच्या प्रयोगांनी दाखविले. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते; दुसरे जंतू त्याच मद्यार्काचा शिरका करतात. म्हणून बरणी, गाळणी, पळी व नळी आधी स्वच्छ आणि मग निर्जंतुक करावयाची असतात. मळ राहिला तर त्याच्या आड जंतू सुरक्षित राहतात.

धुण्यास सौम्य पाणी उत्तम. काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. त्यात साबणाचा फेस न होता साका होतो, आणि वाळल्यावर भांड्यावर चुन्याचा पापुद्रा धरतो. तो शिरक्याच्या पाण्याने सुटतो. परंतु शिरका आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. तांबूस, लोहयुक्त पाणीही टाळावे. द्राक्षांच्या सालीतील टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन रस काळवंडतो.

खरी कसोटी शेवटच्या विसळण्याची. विहिरीचे पाणी निवळ दिसले तरी ते निर्जंतुक असतेच असे नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन अल्प असते. पण ब्लीचिंगचा अंश भांड्यात राहिला तर रसाला औषधासारखा दर्प येऊ शकतो. दोहोंवर उपाय एकच : पाणी खळखळून उकळावे, ती उकळी निदान एक मिनिट टिकू द्यावी, आणि झाकून निववावे. उकळण्याने जंतू मरतात, क्लोरीन उडून जातो आणि दुष्फेनताही काही अंशी तळाशी बसते. काचेच्या थंड बरणीत कढत पाणी एकदम ओतू नये, ती तडकते. विसळल्यावर फडक्याने पुसू नये, पालथी घालून निथळू द्यावी. फडके कितीही धुतलेले असले तरी त्यावर जंतू असतातच.

काना गावच्या विवाहात द्राक्षारसाने भरलेले सहा दगडी रांजण मुळात शुद्धीकरणाच्या पाण्यासाठीच मांडलेले होते. घरच्या बरणीतही तोच क्रम राखावा : प्रथम शुद्ध पाणी, मग रस.