मोरे सापडत नाहीत तेव्हा

आडनावांची मोठी यादी समोर आहे. हवं ते आडनाव ‘मो’ने सुरू होतं, दोन अक्षरी आहे, पण दुसरं अक्षर नक्की आठवत नाही. मोरे, मोने की मोघे? एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा शिकलेला माणूस ‘लाइक’ लिहितो आणि पुढे नमुना देतो: 'मो_'. अंडरस्कोर म्हणजे कोणतंही एक अक्षर, असं त्याला शिकवलेलं असतं. क्वेरी चालते, पण मोरे, मोने, मोघे यांतलं कोणीच येत नाही. तिघंही यादीत असतात, तरी.

डेटाबेसला अर्धवट माहितीवर प्रश्न विचारता यावा, यासाठी ‘लाइक’च्या नमुन्यात दोन चिन्हं वापरता येतात. टक्क्याचं चिन्ह कितीही अक्षरांच्या जागी चालतं, अगदी शून्यसुद्धा. अंडरस्कोर नेमक्या एका जागी. एडगर कॉड यांनी 1970मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. तिच्या आधारे 1974मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाणारी भाषा आखली. त्या काळच्या रोमन लिपीतल्या मजकुरात एक अक्षर म्हणजे एक खूण, हे गणित सरळ होतं. देवनागरीत ते तसं नाही.

युनिकोडची देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या 1988च्या ‘इस्की’ प्रमाणावर बेतलेली आहे. तिच्यात व्यंजनाला स्वतंत्र खूण, मात्रेला स्वतंत्र, अनुस्वाराला स्वतंत्र आणि हलन्तालाही स्वतंत्र. त्यामुळे आपण ज्याला दोन अक्षरं म्हणतो तो ‘मोरे’ हा शब्द डेटाबेसच्या लेखी चार खुणांचा आहे: म, ओकाराची मात्रा, र, एकाराची मात्रा. 'मो_' मध्ये तीनच जागा. नमुना 'मो__' असा दोन अंडरस्कोरचा केला, की तिघंही येतात.

हाच स्वभाव कधी आपल्या फायद्याचाही ठरतो. पाटील हे आडनाव कुणी दीर्घ लिहितं, कुणी ऱ्हस्व. 'पाट_ल' एवढ्यावर दोन्ही सापडतात, कारण दोन्ही वेलांट्या एकेका खुणेच्याच. 'कु_कर्णी' लिहिलं की कुलकर्णी आणि कुळकर्णी एकत्र येतात. मराठी नावांच्या यादीत काम करणाऱ्यानं हे दोन नमुने हाताशी ठेवावेतच.

उलट 'कर%' लिहून करंदीकर आणि करमरकर मागितले, तर सोबत कर्वे आणि कर्णिकही येतात. आपल्याला ‘कर्वे’ची सुरुवात ‘क’ आणि ‘र्वे’ अशी दिसते. साठवणीत मात्र क, मग र, मग हलन्त असाच क्रम आहे. जोडाक्षरवाले नको असतील तर 'कर्%' या नमुन्यात बसणारे वगळा, अशी दुसरी अट जोडावी लागते.

टक्का पुढे की मागे, यावर वेगही ठरतो. मोल्सवर्थचा कोश उघडून ‘कर’ने सुरू होणारे शब्द काढायला मिनिट पुरतं, ‘कर’ने संपणारे काढायचे तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जावं लागेल. डेटाबेसचा नेहमीचा इंडेक्सही असाच क्रमानं लावलेला असतो. म्हणून 'कर%' ला तो उपयोगी पडू शकतो (पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी अनेकदा इंडेक्स वेगळ्या प्रकारे बांधावा लागतो), पण '%कर' म्हटलं की अख्खं टेबल चाळणं आलं. कोकण-गोव्याकडची आडनावं शोधताना तर हीच गरज वारंवार पडते. अशा वेळी आडनाव उलट क्रमानं दुसऱ्या रकान्यात साठवून त्यावर इंडेक्स बांधणं, हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो आपला खास मराठी ‘ऱ’. कऱ्हाडे हे आडनाव तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं: ‘ऱ’ची एकच खूण वापरून, साधा र आणि खालचा नुक्ता अशा दोन खुणांनी, किंवा साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. ‘लाइक’ मात्र सहसा खुणा ताडून पाहतो, त्यामुळे एका कीबोर्डवर नोंदवलेले कऱ्हाडे दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले तर मिळत नाहीत. कार्यालयातल्या खिडकीपलीकडचा माणूस ‘यादीत नाव नाही’ सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं काम अडतं, आणि मला हे अक्षम्य वाटतं, कारण उपाय साधा आहे. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणानं एकरूप होतात. पोस्टग्रेसमध्ये 2020च्या तेराव्या आवृत्तीपासून त्याचं तयार फंक्शन आहे. तिसरा प्रकार त्यात येत नाही, तो वेगळी ओळ लिहून बदलावा लागतो. आणि हे दोन्ही संस्कार नोंद साठवताना तर हवेतच, शोधाचा शब्द क्वेरीत घालण्याआधीही हवेत. एकाच बाजूला केले तर जुळणी पुन्हा फसते.

संस्थेसाठी मराठी नावांचं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी पैसे चुकते करण्याआधी पुरवठादाराला समोर बसवून कऱ्हाडे तिन्ही प्रकारे नोंदवायला आणि तिन्ही प्रकारे शोधायला सांगावं. नऊच्या नऊ वेळा नाव आलं पाहिजे.