संगणक नेमका कुठे अडला?

आमच्या प्रयोगशाळेत तापमानाच्या नोंदी ठेवणारा एक संगणक आहे. त्यावर युनिक्सच्या घराण्यातील लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. एका सोमवारी तो सुरू केला, तर लॉगिनचा पडदा आलाच नाही. दीड मिनिट वाट पाहायला लावून त्याने ‘इमर्जन्सी मोड’ अशी अक्षरे दाखवली. “सर, सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करू या का?” विद्यार्थ्यांनी विचारले. पण आत आठ महिन्यांच्या नोंदी होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत अर्धवटच होती!

संगणक एका झटक्यात जागा होत नाही. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरील फर्मवेअर कामाला लागते. ते बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम शोधते. बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. कर्नल पहिली प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक नेहमी 1 असतो. बाकीचा सारा संसार ती मांडते. इमर्जन्सी मोडची सूचना हीच प्रक्रिया देते. म्हणजे आमच्या संगणकात इथपर्यंतचे सर्व टप्पे ठीक पार पडले होते आणि चूक त्यापुढे होती.

दीड मिनिटाचा थांबाही बोलका होता. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये ही पहिली प्रक्रिया ‘सिस्टिम-डी’ असते. एखादी डिस्क सापडली नाही तर ती साधारणपणे 90 सेकंद वाट पाहते. कोणती डिस्क कोणत्या फोल्डरला जोडायची, हे तिला ‘एफएस-टॅब’ या साध्या मजकुराच्या फाइलमधून कळते. दर डिस्कविभागासाठी एक ओळ, तीत त्याचा ओळखक्रमांक, जोडण्याची जागा, प्रकार वगैरे. शाळेतील लिनक्स संगणकावर ही फाइल कोणालाही उघडून वाचता येते.

इथे एका विद्यार्थिनीने चांगला प्रश्न विचारला. ही फाइलही डिस्कवरच असते, मग डिस्क जोडण्याआधी ती वाचली कशी जाते? उत्तर असे, की मूळ विभाग कोणता हे बूटलोडरच कर्नलला सांगतो. तो विभाग पुष्कळदा आधी केवळ वाचण्यापुरता जोडतात, म्हणजे लिहिणे सुरू होण्यापूर्वी त्याची तपासणी करता येते. इतर डिस्कांची पाळी नंतर येते. म्हणूनच त्यांच्या ओळीत चूक असली तरी संगणक निदान तक्रार करण्याइतका जागा होतो.

आम्ही मुख्य वापरकर्त्याचा, म्हणजे ‘रूट’चा, परवलीचा शब्द देऊन आत गेलो. ‘बीएलके-आयडी’ या आज्ञेने प्रत्यक्ष असलेल्या डिस्कांचे क्रमांक दिसतात. ते फाइलशी ताडून पाहिले. एका ओळीतला क्रमांक कुठेच नव्हता. शनिवारी एक जुनी डिस्क आम्हीच काढून घेतली होती. तिची ओळ खोडायची राहिली होती!

त्या ओळीच्या आरंभी # हे चिन्ह घातले की संगणक ती ओळ सोडून देतो. पण फाइल साठवली जाईना, कारण मूळ विभाग अजून केवळ वाचण्यापुरताच जोडलेला होता. तो ‘रिमाउंट’ पर्यायाने लिहिण्याजोगा केला, फाइलची एक प्रत बाजूला ठेवली आणि मगच बदल केला. संगणक लगेच पुन्हा सुरू मात्र केला नाही. ‘माउंट’ आज्ञेला ‘-ए’ जोडले की फाइलमधील ओळी तिथल्या तिथे अमलात आणून पाहता येतात. तक्रार आली नाही, तेव्हा संगणक पुन्हा सुरू केला. नोंदी जशाच्या तशा होत्या.

ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय लिहिला, तर ती डिस्क नसली तरी संगणक अडून बसत नाही. नोंदींची प्रत ठेवण्यासाठी आणलेल्या नव्या डिस्कला आम्ही तो लावला. मूळ नोंदींच्या डिस्कला मुद्दाम लावला नाही. ती न जोडताच संगणक सुरू झाला, तर नव्या नोंदी त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, भलत्याच डिस्कवर साठत राहतील आणि महिनाभर कोणाला पत्ताही लागणार नाही. त्यापेक्षा सोमवारी सकाळी संगणक अडलेला आम्हाला चालेल.