घरांतील जुनीं छायाचित्रें आणि त्यांची डागडुजी

गेल्या मार्गशीर्षांत आमचा चार दिवस मुक्काम पुणतांब्यास होता. दौंड-मनमाड लोहमार्गावर शिर्डीकडे जेथून फांटा फुटतो तें हें गांव; गोदावरीच्या कांठचें आणि चांगदेवांच्या समाधीचें. आमचें येणें मात्र देवदर्शनासाठीं नव्हतें. आमच्या स्नेह्यांच्या घरीं धाकट्या नातवाची मुंज ठरली होती, आणि तत्पूर्वीं माजघरांतील एक जुनें छायाचित्र स्वच्छ व मोठें करून लावावें असा विचार चालला होता. त्या कामीं आमचा सल्ला हवा होता.

छायाचित्र साधारण नव्वद वर्षांपूर्वींचें. मध्यें खुर्चीवर पणजोबा, शेजारीं पणजीबाई, मागें मुलगे, पुढें सतरंजीवर लहान मुलें, आणि अगदीं डाव्या कडेस, अर्धवट खांबाआड, पणजोबांची बालविधवा बहीण. घरांत तिला सर्वजण आत्याबाई म्हणत. डोक्यावरून आलवणाचा पदर, कपाळ मोकळें, दृष्टि खालीं. नदीकांठचा वाडा, भिंती ओल धरतात. त्या ओलीनें चित्राच्या खालच्या भागावर बुरशीचे ठिपके पडले होते, एक भेग पणजोबांच्या पगडीपासून कोटाच्या गुंडीपर्यंत उतरली होती, आणि सर्वांवर पिवळी झांक आली होती.

मुंबईस नोकरीला असलेल्या पुतण्यानें हें चित्र आधींच मोबाइलवरील एका आयत्या साधनाच्या स्वाधीन केलें होतें. एकदां बोट लावलें कीं जुनें चित्र नवें होतें, वर रंगीतही होतें, अशी त्या साधनाची ख्याति. चित्र खरोखरच झगझगीत होऊन आलें. भेग गेली, ठिपके गेले. मुलें खूष झालीं. मग तें थोरल्या काकूंस दाखविलें. काकूंचें वय अठ्ठ्याऐंशी; लग्न होऊन त्या ह्या घरांत आल्या तेव्हां आत्याबाई हयात होत्या, आणि त्यांना पाहिलेलें माणूस आतां घरांत काकूंवांचून दुसरें नाहीं. काकूंनीं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "ही रे कोण?"

साधनानें आत्याबाईंच्या पदराखालून केसांची बट बाहेर काढली होती, कपाळावरील एका डागाचें कुंकू केलें होतें, आणि आलवण निळेंशार रंगविलें होतें.

हा प्रकार कसा घडतो तें समजून घेण्यासारखें आहे. अशीं साधनें चित्र पाहत नाहींत. पूर्वीं पढविलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून येथें काय असण्याचा संभव अधिक, तें भरतात. पुसट जागीं त्यांना जें दिसत नाहीं तें तीं कल्पितात. रंगाचें तर विचारूंच नये. जुन्या काळच्या बहुतेक फोटोच्या कांचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें तांबडें आलवण, कुंकवाची चिरी, मुलांच्या गालांवरची लाली हें सर्व काळसर उमटे. करड्या छटेवरून मूळ रंग ओळखण्याचा मार्ग यंत्रापाशीं नाहीं, आणि खरें म्हणजे आपल्यापाशींही नाहीं. तो काकूंच्या स्मरणांत होता.

फोटो सुधारण्याची कला नवी आहे असें मात्र नव्हे. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली. पुढें गांवोगांव स्टुडिओ झाले, आणि निगेटिव्हवर टोंकदार शिसपेन्सिलीनें देवीचे वण बुजविणें, सुरकुत्या हलक्या करणें हें त्यांतील कसबी कारागिराचें रोजचें काम होतें. ह्याच गोदावरीच्या उगमाशीं, त्र्यंबकेश्वरीं, १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गोध्र्यास फोटोचा धंदा करीत. हातानें काम करणाऱ्या त्या कारागिरास एक सोय होती: गिऱ्हाईक समोर असे. चुकलें तर तें सांगे.

असो. रंगीत चित्र रद्द झालें, पण वाद मिटला नाहीं. यजमानांच्या धाकट्या बंधूंनीं सुचविलें कीं, मंगलकार्यांत लावावयाचें चित्र आहे, तर आत्याबाईंना कडेनें कापूनच टाकावें. खांबही जाईल आणि चित्र सारखें दिसेल. त्यांच्या बोलण्यांत वाईट हेतु नव्हता. आमचें मत आम्हीं स्पष्ट सांगितलें: बुरशी कालानें केलेली आहे, ती काढावी, आत्याबाईंना खांबाआड उभें केलें तें आपणच, आणि तें पुसण्याचा अधिकार आपल्यास नाहीं. यजमान कांहीं बोलले नाहींत. चित्र नीट करावयाचें तर हातानेंच, एवढें मात्र सर्वांस मान्य झालें, आणि थोरल्या सूनबाईंनीं तें काम अंगावर घेतलें. संगणकावर त्यांनीं आजवर हिशेब व पत्रें ह्यांपलीकडे कांहीं केलें नव्हतें.

मग साधनाची निवड. घरच्यांचा पहिला प्रश्न पैशाचा होता व तो रास्तच होता. वर्षाकाठीं दहा-वीस चित्रें सुधारावयाचीं, त्यासाठीं कायमची वर्गणी कोण भरील? फोटोशॉप हें ह्या धंद्यांतील सर्वांत नांवाजलेलें साधन १९९० सालीं निघालें. परंतु २०१३ नंतरच्या त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीनेंच मिळतात, आणि वर्गणी थांबली कीं साधनही थांबतें. त्याच कंपनीचें एलिमेंट्स हें धाकटें भावंड नवशिक्यांसाठीं आहे. हात धरून शिकविणारे धडे त्यांत आहेत. पूर्वीं तें एकदां घेतलें कीं कायमचें होई. २०२५ च्या आवृत्तीपासून मात्र तें तीन वर्षांच्या परवान्यानें विकलें जाऊं लागलें. घेणारानें ही अट आधीं वाचावी.

फुकट साधनांत आमचा कौल गिंपला पडला. अमेरिकेंत बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं तें रचावयास घेतलें, आणि तेव्हांपासून देशोदेशींच्या हौशी मंडळींनीं तें वाढविलें. दाम नाहीं, मुदत नाहीं, जाहिराती नाहींत. एकदां संगणकावर उतरवून घेतलें कीं इंटरनेटचीही गरज नाहीं. मार्च २०२५ मध्यें त्याची तिसरी आवृत्ति निघाली, व केलेले पुष्कळसे संस्कार मागाहून बदलण्याची सोय तींत आली. त्याचा दोष एवढाच कीं पहिल्या दिवशीं तें गोंधळवितें; कळा फार. ज्यांस कांहीं उतरवून घ्यावयाचें नसेल त्यांच्यासाठीं फोटोपी आहे. तें ब्राउझरमध्यें चालतें, जाहिराती दाखवितें, पण चित्र आपल्याच संगणकावर राहतें. ॲफिनिटी हें पूर्वीं विकत मिळणारें उत्तम साधन ऑक्टोबर २०२५ पासून विनामूल्य झालें आहे; फक्त कॅन्व्हाचें खातें उघडावें लागतें. मोबाइलवरच भागवावयाचें असेल तर गूगलचें स्नॅपसीड लहानसहान डागांस पुरे. भेगेच्या कामास बोट जाड पडतें.

साधन कोणतेंही घ्या, तें घेण्यापूर्वीं तीन गोष्टी त्यांत आहेत कीं नाहींत तें पाहावें: मूळ चित्रास धक्का न लावतां वर वेगळा थर ठेवून काम करतां येणें, डाग बुजविण्याचा कुंचला, आणि उजेड-अंधार तोलण्याची सोय. चौथें कांहीं नवशिक्यास लागत नाहीं.

चित्र तसबिरींतून काढतांना सूनबाईंस आम्हीं घाई करूं दिली नाहीं. फोटो कांचेला चिकटला असेल तर ओढूं नये. कांचेसकटच त्याची प्रत घ्यावी. सुदैवानें हा सुटला. स्कॅनरवर इंचास ६०० ठिपके ह्या प्रमाणानें प्रत घेतली. मूळ चित्र ४ इंच रुंद व ६ इंच उंच, म्हणजे २४०० गुणिले ३६०० ठिपके झाले. छपाईस इंचामागें ३०० धरले कीं ८ बाय १२ इंचांचें सुबक चित्र निघतें. प्रत टिफ ह्या प्रकारांत ठेवली, कारण जेपेग प्रत्येक वेळीं साठवितांना थोडी झिजते.

पुढें तीन संध्याकाळ. डाग बुजविण्यासाठीं गिंपमध्यें दोन कुंचले आहेत. क्लोन एका जागेचा नमुना दुसरीकडे जसाच्या तसा उठवितो. हील तोच नमुना आजूबाजूच्या छटेशीं जुळवून घेतो. कंट्रोलची कळ दाबून नमुन्याची जागा दाखवावी, मग डागावर हलके हात फिरवावा. भिंत, सतरंजी, कोट येथें हील सुरेख चालतो. पगडीची कड, खांबाची रेघ अशा ठिकाणीं मात्र तो छटा फिसकटवितो, तेथें क्लोनच हवा. पणजोबांच्या चेहऱ्यावरून भेग नाकाच्या बाजूनें गेली होती. सूनबाईंनीं तेथें चारदां केलें व चारदां पुसलें. पांचव्या वेळीं त्यांनीं गालाचा नमुना गालासच लावला आणि नाकाची कड तशीच सोडली. थोडी रेघ राहिली. ती राहूं द्यावी असें आम्हीं म्हटलें.

आत्याबाईंच्या कपाळावरील डाग त्यांनीं शेवटीं हाती घेतला, आणि काकूंना शेजारीं बसवून घेतला. "कपाळ कोरेंच होतें गं," एवढेंच काकू म्हणाल्या. डाग निघाला. पिवळी झांक काढली, उजेड किंचित वाढविला. रंग भरला नाहीं. चित्र कापलें नाहीं, खांबही आहे.

मुंजीस आम्ही गेलों तेव्हां चित्र माजघरांत लागलें होतें, ह्या वेळीं ओलीच्या भिंतीवर नव्हे तर आंतल्या कोरड्या बाजूस, आणि मागें हवा खेळावी म्हणून तसबिरीच्या खालच्या कोपऱ्यांस बुचाचे दोन तुकडे लावून. धाकटे बंधु पाहुण्यांस एकेकाचें नांव सांगत होते. डाव्या कडेशीं आले कीं "ही आमच्या आजोबांची आत्या" असें म्हणून पुढें जात. मूळ फोटोच्या पाठीवर इतरांचीं नांवें पूर्वींच होतीं. आत्याबाईंचें खरें नांव काकूंना ठाऊक होतें. सूनबाईंनीं तें मऊ शिसपेन्सिलीनें तेथें लिहिलें आहे, आणि टिफच्या दोन प्रती करून एक मुंबईस पुतण्याकडे पाठविली आहे.