कोवळे कुत्रे आणि वयाची अट

स्पर्धेत उतरलेला माणूस जिंकण्यासाठीच उतरलेला असतो, असे आपण धरून चालतो. वेल्स, उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील डोंगराळ मुलखात हिवाळ्यातील शनिवारी मेंढपाळांच्या तरुण कुत्र्यांच्या ज्या स्पर्धा भरतात, तेथे मात्र हे गृहीत फार काळ टिकत नाही. उतरणीच्या पायथ्याशी एक खुंट रोवलेला असतो. त्या खुंटापाशी कुत्र्याचा धनी उभा राहतो. त्याचे दीड-दोन वर्षांचे कुत्रे वर दूरवर सोडलेल्या चार-पाच मेंढ्यांच्या रोखाने धावत सुटते. मेंढ्या निम्म्या वाटेवर येतात. पाहणाऱ्या परक्या माणसाला काही विशेष बिघडले आहे असे वाटतही नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी तो धनी पंचांना हात दाखवितो, खुंट सोडतो आणि सरळ कुत्र्याच्या दिशेने चालू लागतो. खुंट सोडणे म्हणजे डाव सोडणे. झालेल्या धावेचे गुण त्याबरोबर जातात. कुंपणाला टेकून उभी असलेली जाणती मंडळी यावर हळहळत नाहीत. पुष्कळदा ती समाधानाने मान डोलावतात.

या माणसाने काय गमावले हे उघड आहे. त्याने काय वाचविले हे समजण्यासाठी या स्पर्धांचे स्वरूप थोडे जाणून घ्यावे लागेल. आपल्याकडील धनगराचे कुत्रे हे मुख्यतः राखणदार आहे. रात्री वाड्याभोवती जागून लांडग्याला दूर ठेवणे हे त्याचे काम. ब्रिटनमधील बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याचे काम अगदी निराळे. माणूस खाली उभा राहतो आणि कुत्रे डोंगरावर विखुरलेल्या मेंढ्या गोळा करून त्याच्यापाशी आणते. लांडगा त्या बेटावरून काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला. उरला तो मजुरीचा प्रश्न. एका मेंढपाळाला मोठ्या डोंगरावरील कळप सांभाळता येतो तो या कुत्र्याच्या बळावर. तेव्हा हे कुत्रे म्हणजे तेथील शेतीतील भांडवलच होय, फक्त श्वास घेणारे.

या भांडवलाची जाहीर परीक्षा घेण्याची प्रथाही जुनी आहे. ब्रिटनमध्ये नोंद असलेली पहिली स्पर्धा ९ ऑक्टोबर १८७३ रोजी वेल्समधील बाला या गावी रिचर्ड जॉन लॉइड प्राइस या जमीनदाराने भरविली आणि ती जिंकली वेल्समध्ये स्थायिक झालेल्या थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाच्या 'ट्वीड' या कुत्र्याने. वेल्सच्या भूमीवर स्कॉटलंडचे कुत्रे पहिले यावे, हे यजमानांना कितपत रुचले असेल कोण जाणे! पुढे १९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी स्थापन झाली, नियम ठरले, वंशावळीची नोंदवही सुरू झाली. १९७६ पासून बीबीसीने 'वन मॅन अँड हिज डॉग' हा कार्यक्रम दाखविण्यास आरंभ केला तेव्हा मेंढीशी कधी संबंध न आलेली शहरी कुटुंबेही दूरचित्रवाणीसमोर बसून तो पाहू लागली; ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी ही प्रेक्षकसंख्या ऐंशी लाखांच्या घरात गेली होती.

स्पर्धेची गुणपद्धती पाहण्यासारखी आहे. एका पंचाच्या हाती १०० गुण असतात. कुत्र्याने मेंढ्या न बिचकविता मोठा वळसा घेऊन त्यांच्या मागे जाणे, याला २०. मागे पोहोचल्यावर त्यांना हलकेच चालते करणे, याला १०. सरळ रेषेत धन्याकडे आणणे, २०. मग त्याच मेंढ्या धन्यापासून दूर, ठरलेल्या फाटकांमधून हाकत नेणे, ३०. वर्तुळात आणून त्यांतील काही वेगळ्या काढणे आणि शेवटी छोट्या वाड्यात कोंडणे, प्रत्येकी १०. गुण मिळवायचे नसतात, पूर्ण गुण हाती घेऊनच निघायचे असते. पंच फक्त कापत जातो. वळशात कुत्रे थबकले आणि शिटी वाजवून त्याला पुन्हा वाट दाखवावी लागली, गुण गेले. रेषा वाकडी झाली, गुण गेले. कुत्र्याने अकारण मेंढीला तोंड लावले तर डावच संपला.

आता यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सर्वांत अधिक गुण ज्या कामाला आहेत तेच काम कुत्र्याच्या स्वभावाच्या सर्वांत विरुद्ध आहे. वळसा घेणे आणि मेंढ्या धन्याकडे आणणे हे या जातीच्या रक्तातच असते. आठ-दहा महिन्यांचे पिल्लू, कोणी काही शिकविलेले नसताना, मेंढ्यांच्या पलीकडे जाऊन धन्याच्या बरोबर समोर उभे राहू पाहते. धनी उजवीकडे सरकला की तेही तोल साधण्यासाठी सरकते. त्याच कुत्र्याला मेंढ्या धन्यापासून दूर न्यायला सांगणे म्हणजे त्याच्या दृष्टीने सगळे जगच उलटे करणे होय. ते बिचारे पुनःपुन्हा धावून मेंढ्यांच्या पुढे जाते, त्यांना वळवून परत आणते आणि आपण मोठे काम केले अशा मुद्रेने धन्याकडे पाहते. वेगळे काढण्याचीही तीच कथा: जन्मभर जे एकत्र ठेवायचे त्याच्या मधोमध घुसून फूट पाडायची. ही कामे शिकवावी लागतात, आणि मूळची ओढ पक्की झाल्यावरच ती शिकवावी, असे जुने मेंढपाळ सांगतात.

याचसाठी तरुण कुत्र्यांच्या स्पर्धा निराळ्या काढण्यात आल्या. त्यांना 'नर्सरी' असे बोलके नाव आहे. वळसा लहान, वाट सोपी, वेगळे काढण्याचा भाग बहुधा नसतोच. साधारणपणे तीन वर्षांच्या आतील कुत्र्यांनाच प्रवेश. ब्रिटनमध्ये या स्पर्धा हिवाळ्यात होतात, उन्हाळ्यातील खुल्या स्पर्धांपूर्वी कुत्र्याला सराव मिळावा म्हणून. अमेरिकेत तर राष्ट्रीय पातळीवरची नर्सरी स्पर्धा असते. मूळ हेतू दयेचा आणि शहाणपणाचा होता यात शंका नाही.

पण कोणत्याही बालवर्गाचे होते तेच याही बालवर्गाचे झाले.

वयाची अट घातली की तारीख आली. तारीख आली की त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्यांत भेद आला. अटीच्या तारखेनंतर आठवड्याने जन्मलेल्या कुत्र्याला तयारीसाठी जवळजवळ एक संपूर्ण हंगाम अधिक मिळतो. आधी आठवड्याने जन्मलेल्याला तो मिळत नाही, आणि दोन्ही कुत्री एकाच खुंटापासून सुटतात. जून महिन्यात शाळेच्या प्रवेशाचे अर्ज पाहणाऱ्या शिक्षकांना हा प्रकार नवा वाटू नये. शिवाय तीन वर्षांची मर्यादा ही दिसते तेवढी ऐसपैस नाही. पहिले वर्ष वाढण्यात जाते. हाडे आणि सांधे पुरते भरण्यास पुढे आणखी काही महिने लागतात. म्हणजे खऱ्या शिक्षणासाठी हाती येतात एक-दीड वर्षे. तेवढ्या अवधीत धन्याला वळसा, आणणे, हाकणे आणि कोंडणे एवढा सारा अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, आणि त्यातला ३० गुणांचा धडा नेमका सर्वांत उशिरा शिकवावा असा.

मग घाई होते. हाकण्याचा सराव लवकर सुरू होतो. आज्ञा वाढतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाण्यासाठी 'कम बाय', उलट दिशेने 'अवे', थांबण्यासाठी एक शिटी, पुढे जाण्यासाठी दुसरी, पावलापावलाला शिटी. अशा रीतीने तयार केलेले कुत्रे घरच्या मैदानावर फार देखणे काम करते. परंतु त्याचे डोळे मेंढ्यांवरून उठून हळूहळू धन्याकडे लागतात. पुढची आज्ञा येईपर्यंत ते काहीच करीत नाही. धुक्याने भरलेल्या डोंगरावर, जेथे धनी दिसत नाही आणि शिटी वाऱ्यात विरते, तेथे असले कुत्रे निरुपयोगी. ज्या गुणासाठी या जातीची शतकभर जोपासना झाली तो स्वतः निर्णय घेण्याचा गुणच परीक्षेच्या तयारीत मारला जातो. दुसऱ्या टोकाला अशीही कुत्री असतात की ज्यांचा उत्साह या दडपणाने करपतो. ती मेंढ्या पाहिल्या की मान फिरवतात, मैदान सोडून गाडीकडे चालू लागतात.

स्पर्धेच्या दिवशी आणखी भर पडते. घरच्या मेंढ्यांना कुत्र्याची सवय झालेली असते. थोड्या इशाऱ्याने त्या वळतात. स्पर्धेतील मेंढ्या परक्या असतात. डोंगरी जातीच्या मेंढ्या हलक्या पायाच्या, संशयी. ज्या कुंपणातून सोडल्या किंवा जेथे आधीच्या मेंढ्या नेल्या तिकडे त्यांची सारखी ओढ. मेंढीला कुत्र्याचे वय सांगावे लागत नाही. समोरच्या प्राण्याच्या पावलात शंका आहे की निश्चय, हे तिला क्षणात कळते. एखादी मेंढी वळून पाय आपटते आणि कोवळे कुत्रे एक पाऊल मागे घेते. त्या एका पावलात पुढची अनेक वर्षे सामावलेली असू शकतात. मेंढीला तोंड दिले की कुत्रे माघार घेते, हे मेंढीला कळले तर एक डाव जाईल. हे कुत्र्याला कळले तर कुत्रेच जाईल. म्हणून जाणता धनी अशा वेळी गुणांचा विचार सोडतो आणि खुंटावरून निघून कुत्र्याच्या पाठीशी जाऊन उभा राहतो.

मग सगळेच तसे का करीत नाहीत? येथे बाजार येतो. या स्पर्धांतील बक्षिसाच्या रकमा सहसा नाव घेण्याजोग्या नसतात. येण्याजाण्याचे पेट्रोल त्यातून सुटले तरी पुष्कळ. मोल असते ते कुत्र्याच्या किमतीला. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेल्समधील किम नावाची जेमतेम वर्षाची कुत्री लिलावात २७,१०० पौंडांना विकली गेली. त्या वेळच्या दराने सुमारे सत्तावीस लाख रुपये. त्यापूर्वी काही महिन्यांमागे झालेला विक्रम १८,९०० पौंडांचा होता. वर्षाच्या कुत्रीने अद्याप कोणत्याही डोंगरावर पुरता एक हंगाम काढलेला नसतो. खरेदीदार पैसे मोजतो ते केवळ अपेक्षेचे.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते की, मालाचे दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असले की बाजार बिघडतो. कुत्र्याच्या बाजारात हा अडथळा मोटारीपेक्षाही मोठा, कारण यंत्र उघडून पाहता येते, धीर उघडून पाहता येत नाही. जाहीर स्पर्धा ही या अज्ञानावरची तोड आहे. परक्या मैदानावर, परक्या मेंढ्यांसमोर, पंचांच्या देखत कुत्रे काय करते ते सर्वांना दिसते. त्यामुळे नर्सरीत पहिला आलेला असणे हा एक दाखला होतो. आणि दाखल्याला किंमत आली की दाखल्यापुरती तयारी करणारे निघणे हे ओघानेच आले. विक्री तिसऱ्या वर्षाच्या आत व्हायची, दोष पाचव्या वर्षी दिसायचा. मधल्या काळात मालक बदललेला असतो. ज्याने घाई केली त्याला घाईचा खर्च सोसावा लागत नाही. तो पडतो घेणाऱ्यावर आणि कुत्र्यावर. कुत्र्याची तक्रार कोणत्याच हिशेबात येत नाही, हे सांगावयास नकोच.

या म्हणण्याला 'विस्टन कॅप'चे उदाहरण देऊन उत्तर दिले जाते. जॉक रिचर्डसन यांचे हे कुत्रे सप्टेंबर १९६३ मध्ये जन्मले आणि १९६५ मध्ये, दोन वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, कार्डिफ येथे त्याने आंतरराष्ट्रीय सर्वोच्च विजेतेपद मिळविले. ती काही नर्सरी नव्हे. तेथे दोन निरनिराळ्या ठिकाणांहून दहा-दहा मेंढ्या आणून एकत्र कराव्या लागतात. पहिल्या दहा आणल्यावर त्यांना सोडून पाठ फिरवायची आणि न दिसणाऱ्या दुसऱ्या दहांच्या शोधात जायचे, हे भल्याभल्या कुत्र्यांना उमजत नाही. शेवटी त्या वीसांतून खुणेच्या पाचच वेगळ्या काढून कोंडायच्या. हे सारे त्या वयात एका कुत्र्याने केले ही वस्तुस्थिती आहे. विस्टन कॅपचा वंश पुढे इतका पसरला की आजच्या असंख्य बॉर्डर कॉलींच्या वंशावळीत त्याचे नाव सापडते. परंतु सोळाव्या वर्षी पदवीधर झालेला एखादा विद्यार्थी दाखवून सर्वांचा अभ्यासक्रम दोन वर्षांनी कमी करावा असे कोणी म्हणत नाही. शिवाय त्याचा वंश इतका दूरवर पोहोचूनही दोन वर्षांचे सर्वोच्च विजेते काही रांगेने निपजलेले नाहीत.

वयाची अट काढून टाकावी, असा याचा अर्थ नाही. ती काढली तर दीड वर्षाच्या कुत्र्याला सहा वर्षांच्या मुरलेल्या कुत्र्याशी झुंजावे लागेल आणि घाई कमी न होता वाढेलच. सुधारणा करावयाची तर गुणांच्या वाटणीत करता येण्याजोगी आहे. कोवळ्या कुत्र्यांसाठी दूर हाकण्याचे गुण कमी करून ते वळशाला आणि मेंढ्या शांतपणे चालत्या करण्याला दिले, तर धन्याला जे आधी शिकवायला हवे तेच आधी शिकविण्यात फायदा दिसेल. पंच जे मोजतो तेच शिकविले जाते. हा नियम कुत्र्यांपुरता नाही. दुसरे असे की, धन्याने खुंटावरून चार पावले पुढे जाऊन कुत्र्याला आधार दिला तर सगळे गुण न जाता काहीच जावेत. आज मदत करणे आणि हरणे यांत पंचांच्या वहीत काही फरक उरत नाही, आणि ज्याला पुढच्या महिन्यात कुत्रे विकायचे आहे त्याच्याकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा करणे हे मनुष्यस्वभावाच्या माहितीअभावीच शक्य आहे.

खरेदीदारांचाही यात वाटा आहे. डोंगरावर रोजचे काम असलेला शेतकरी कुत्रे घेताना आजही लिलावातील पाच-सात मिनिटांच्या खेळावर विसंबत नाही. जमल्यास तो विकणाऱ्याच्या शेतावर जातो, कुत्र्याला धन्याच्या नजरेआड होऊ देतो आणि शिटी न वाजविता ते काय करते ते पाहत राहतो. त्याच्या हाती त्या वेळी घड्याळ नसते.

इकडे खुंट सोडून गेलेला तो धनी एव्हाना कुत्र्यापाशी पोहोचलेला असतो. तो त्याला रागावत नाही; नुसता मागे उभा राहतो. पाय आपटणारी मेंढी क्षणभर दोघांकडे पाहते आणि तोंड फिरवते. कुत्रे एक पाऊल पुढे टाकते, मग दुसरे. मेंढ्या चालू लागतात. तिघे-चौघे मिळून सावकाश उतरणीवरून खाली येतात, कोपऱ्यातील कुंपणाचे फाटक कोणीतरी उघडून धरतो, आणि पंचांच्या गाडीतून पुढच्या स्पर्धकाचे नाव पुकारले जाते.